कॅन्टोन्मेंट बोर्ड गेले तर जमीन कोणाची? देवळाली कॅम्पच्या निमित्ताने

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने देशातील १० छावण्यांमधला नागरी भाग वेगळा काढण्याचा मानस राजपत्रातून जाहीर केला. त्या यादीत महाराष्ट्रातील एकच नाव होते, ते देवळालीचे. तेव्हापासून देवळाली कॅम्पमध्ये, आणि उद्या आपलीही पाळी येणार हे ओळखून पुणे, खडकी, देहूरोड, कामठी, अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर येथल्या छावण्यांमध्येही लोक एकमेकांना विचारत आहेत की आपण आता महापालिकेत जाणार का, पाणीपट्टी किती होणार, घरावर मजला चढवायची परवानगी मिळेल का. या सगळ्या प्रश्नांच्या तळाशी एक प्रश्न आहे, तो असा की ज्या जमिनीवर आजोबा-पणजोबांपासून राहत आलो ती अखेर आपल्या नावावर होणार का.

कॅन्टोन्मेंट बोर्ड रद्द होणे ही एक गोष्ट आहे आणि जमिनीची मालकी मिळणे ही दुसरी. पहिली झाली की दुसरी आपोआप होते, हा समज सध्या सर्वांत अधिक पसरलेला आहे आणि तोच सर्वांत अधिक नुकसान करू शकतो. तो का चुकीचा आहे हे कळण्यासाठी सैन्याच्या तळाभोवती गाव कसे वसते, इथून सुरुवात करावी लागेल.

सैन्य आले, मग बाजार आला

देवळाली गाव आणि देवळाली कॅम्प ही दोन वेगळी ठिकाणे आहेत, हे नाशिककर सोडून इतरांना सहसा ठाऊक नसते. मूळ गाव नाशिकरोडला लागून आहे आणि १९८२ साली स्थापन झालेल्या नाशिक महापालिकेत आहे. कॅम्प तिथून काही किलोमीटरवर, लॅम रोडने गेल्यावर लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या साठच्या दशकात इंग्रजांनी इथे सैनिकांचा संक्रमण तळ उभारला. विलायतेहून जहाजाने मुंबईला उतरलेल्या पलटणी रेल्वेने थळ घाट चढून इथे यायच्या, आणि इथून त्यांची देशभरच्या ठाण्यांवर वाटणी व्हायची. मुदत संपलेले सैनिकही परतीच्या जहाजाची वाट पाहत इथेच थांबायचे. मुंबईच्या दमट हवेपेक्षा इथली हवा कोरडी आणि निरोगी होती, आणि रेल्वे दाराशी होती. तळासाठी यापेक्षा अधिक काही लागत नव्हते.

सैनिकाला मात्र बरेच काही लागते. दूध, भाजी, मांस, धुलाई, शिवणकाम, घोड्याचा चारा, पाणी भरणारा माणूस, बंगल्यावर खानसामा. शेजारच्या गावांतून आणि लांबच्या मुलखांतूनही लोक या कामांसाठी आले. बराकींपासून थोडे अंतर राखून त्यांच्यासाठी बाजार आखून दिला गेला. बहुतेक छावण्यांत आजही जो सदर बाजार दिसतो, त्याचा उगम हाच. पुढे देवळालीची हवा सैन्याबाहेरच्या लोकांनाही मानवली. पारशी आणि गुजराती समाजांनी आरोग्यधामे बांधली, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथे आसरा मिळाला, आणि आज पाकिस्तानात असलेल्या काकूलहून तोफखाना शाळा देवळालीत आली. आता या छावणीची लोकसंख्या ५० हजारांच्या पुढे आहे. तळाच्या सोयीसाठी वसवलेली वस्ती तळाहून कितीतरी मोठी झाली.

महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राशी जोडलेल्या लोकांच्या आयुष्यात अशा वस्त्यांचे स्थान फार मोठे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी माळव्यातील महूच्या छावणीत झाला, कारण वडील सुभेदार रामजी सकपाळ सैन्याच्या सेवेत तिथे होते. निवृत्तीनंतर हे कुटुंब ज्या दापोलीत आले, तिलाही लोक कॅम्प दापोलीच म्हणत, कारण तीही एके काळची लष्करी छावणी आणि पेन्शनर सैनिकांची वस्ती होती. दारूगोळ्याच्या डेपोच्या आधाराने वाढलेल्या देहूरोडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली. गावात ज्यांना पाणवठ्यापासून दूर ठेवले जात होते, त्यांना छावणीने पगार, शाळा आणि पेन्शन दिली. छावणीच्या कायद्यातील दोष पुढे सांगायचे आहेतच, पण हे ऋण आधी मान्य करायला हवे.

आजारपणातून जन्मलेला कारभार

सैन्याच्या वस्तीला वेगळी नगरपालिका कशाला, याचे उत्तर रोगराईत आहे. १८५७ नंतर इंग्लंडने भारतातील गोऱ्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये एक शाही आयोग नेमला. १८६३ च्या त्याच्या अहवालातून दिसले की दर हजारी ६९ सैनिक दरवर्षी मरत होते, आणि बहुतेक लढाईत नव्हे तर पटकी, ताप आणि अतिसाराने. पाणी, गटारे, मांसाची दुकाने, बाजारातली गर्दी यांवर सैन्याचा ताबा असल्याशिवाय पलटणी वाचणार नाहीत, असा निष्कर्ष निघाला आणि १८६४ मध्ये छावण्यांसाठी कायदा झाला. छावणीतील स्वच्छता आजही शेजारच्या शहरापेक्षा बरी असते, त्याचे मूळ या भीतीत आहे. नागरिकाचे आरोग्य जपले गेले, पण ते सैनिकाला संसर्ग होऊ नये म्हणून. कारभाराचा केंद्रबिंदू पहिल्या दिवसापासून तळ होता.

१९२४ च्या कायद्याने या कारभाराला आजच्या कॅन्टोन्मेंट बोर्डाचे रूप दिले, आणि २००६ च्या कायद्याने त्यात सुधारणा केल्या. सरकारी मराठीत याला कटक मंडळ किंवा छावणी परिषद म्हणतात. देवळालीसारख्या ५० हजारांहून अधिक वस्तीच्या छावणीत लोकांनी निवडून दिलेले सदस्य ८ असतात. पण तितकेच सदस्य पदसिद्ध किंवा नियुक्त असतात: अध्यक्षपदी त्या ठाण्याचे लष्करी प्रमुख, सोबत जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी, मुख्य कार्यकारी अधिकारी, आरोग्य अधिकारी, अभियंता आणि ३ लष्करी अधिकारी. मते समसमान झाली की अध्यक्षाचे मत निर्णायक. एखादा ठराव अयोग्य वाटल्यास तो रोखून वरच्या लष्करी अधिकाऱ्याकडे पाठवण्याचा अधिकारही अध्यक्षाला आहे. सगळे निवडून आलेले सदस्य एकमताने उभे राहिले, तरी त्यांच्या बळावर एकही ठराव खात्रीने मंजूर होत नाही.

हे सगळे राज्य सरकारच्या कक्षेबाहेर आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्र सूचीत तिसरी नोंद छावण्यांची आहे. छावणीची हद्द, तिथले स्थानिक स्वराज्य, अगदी घरांचे भाडे-नियंत्रणसुद्धा केंद्राचा विषय आहे. म्हणून रस्त्याच्या एका बाजूला राज्याची घरकुल योजना लागू असते आणि दुसऱ्या बाजूच्या तशाच गरजू कुटुंबाला ती मिळवताना अडचणी येतात. आमदार येतात, पण बोर्डाच्या बैठकीत ते विशेष निमंत्रित असतात आणि त्यांना मताचा अधिकार नसतो.

त्यातही निवडणूक झाली तरच हे सगळे. देशभरातील बहुतेक बोर्डांची शेवटची निवडणूक जानेवारी २०१५ मध्ये झाली. मुदतवाढ संपल्यावर २०२१ पासून कारभार लष्करी अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि एक नियुक्त नागरी सदस्य अशा तिघांच्या हाती गेला. ३० एप्रिल २०२३ ला ५७ बोर्डांसाठी मतदान ठरले होते, ते मार्चमध्ये रद्द झाले. गटार तुंबले तर ज्याच्या दारात जाऊन जाब विचारावा असा निवडून आलेला माणूस छावणीत इतकी वर्षे नसावा, ही माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत गंभीर गोष्ट आहे आणि तिच्यावर सर्वांत कमी बोलले जाते.

पायाखालची जमीन

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला सातबारा माहीत असतो आणि शहरवासीयाला प्रॉपर्टी कार्ड. छावणीत या दोन्हींच्या जागी सामान्य भूमी नोंदवही असते. तिला सगळे जी.एल.आर. म्हणतात. तिच्या उताऱ्यावरची एक ओळ नीट वाचली, तर छावणीच्या गावाचा सारा तिढा समजतो.

त्या ओळीत सुरुवातीला सर्व्हे क्रमांक, क्षेत्र आणि वर्णन असते, उदाहरणार्थ 'घर व अंगण'. मग जमिनीचा वर्ग येतो. सैन्य प्रत्यक्ष वापरत असलेली जमीन 'ए' वर्गात, सरकारी खात्यांकडची किंवा नागरिकांच्या भोगवट्यातली 'बी' वर्गात, आणि रस्ते-बागांसाठी बोर्डाकडे सोपवलेली 'सी' वर्गात असते. नागरिकांचे घर बहुधा 'बी-३' मध्ये असते. त्यापुढच्या तीन रकान्यांवर मात्र बोट ठेवून थांबावे. पहिल्यात जमिनीचा मालक असतो, आणि तिथे अनेकदा 'भारत सरकार' लिहिलेले असते. दुसऱ्यात भोगवट्याचा हक्क असणारा, म्हणजे आपल्या आजोबांचे किंवा त्यांनी ज्यांच्याकडून घर घेतले त्यांचे नाव असते. तिसऱ्यात त्या हक्काचे स्वरूप असते: 'ओल्ड ग्रँट', 'लीज', किंवा काही ठिकाणी खासगी मालकी.

ओल्ड ग्रँट हीच यातली अवघड बाब आहे. इंग्रजी अमलात छावणीच्या हद्दीत बंगले आणि दुकाने बांधायला लोकांना परवानगी दिली, कारण अधिकाऱ्यांना राहायला घरे हवी होती आणि ती बांधायला सरकारला पैसे घालायचे नव्हते. परवानगीच्या अटी बंगाल इलाख्यासाठी १८३६ च्या गव्हर्नर जनरलच्या १७९ क्रमांकाच्या आदेशात आहेत, आणि इतर इलाख्यांतही याच धर्तीचे नियम होते. अट अशी की बांधकाम तुमचे, जमीन सरकारची. सरकारला गरज पडली तर एक महिन्याची नोटीस देऊन आणि परवानगीने केलेल्या बांधकामाची किंमत चुकती करून जागा परत घेता येईल. जमिनीची किंमत द्यायचा प्रश्नच नाही, कारण ती कधी दिलीच नव्हती.

शहरातल्या वाचकाला हे पटकन समजावे म्हणून कन्व्हेयन्स न झालेल्या सोसायटीची आठवण करून देतो. तिथे सदनिका आपली असते, कर आपण भरतो, विकतोही आपणच, पण इमारतीखालची जमीन अजून बिल्डरच्या नावावर असते, आणि पुनर्विकासाचा विषय निघाला की हे सत्य अचानक समोर येते. छावणीत बिल्डरच्या जागी भारत सरकार आहे, आणि सोसायटीला कायद्याने कन्व्हेयन्स मिळवता येते तसा मार्ग ओल्ड ग्रँटवाल्याला नाही.

याचे परिणाम रोजच्या जगण्यात दिसतात. वारसाचे नाव लावायचे तर जमीन सरकारची आहे हे मान्य करणारा दस्त करून द्यावा लागतो. विक्रीला पूर्वपरवानगी लागते. भिंत पडली तर ती दुरुस्ती की नवे बांधकाम, यावर महिने जातात. बँका कर्ज द्यायला कचरतात. परवानगी मिळत नाही म्हणून लोक परवानगीशिवाय खोली वाढवतात, आणि मग ती अनधिकृत खोली पुढच्या प्रत्येक अर्जाच्या आड येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मध्य प्रदेशातील सागर छावणीच्या प्रकरणात या नोंदवहीतील नोंदींना भक्कम पुरावा मानले. त्यामुळे 'आम्ही पिढ्यानपिढ्या राहतो' हे म्हणणे नैतिकदृष्ट्या कितीही खरे असले, तरी त्या तीन रकान्यांपुढे न्यायालयात टिकणे कठीण जाते.

नागरी भाग वेगळा काढायचा म्हणजे काय

देशात ६२ छावण्या होत्या. पहिली १७६५ ची बराकपूरची आणि शेवटची १९६२ ची अजमेरची. २७ एप्रिल २०२३ रोजी हिमाचल प्रदेशातील योल ही छावणी कायद्याने संपली. योल हे धरमशाळेजवळचे छोटे, डोंगराच्या पायथ्याचे ठिकाण, दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैद्यांच्या तळासाठी ओळखले गेलेले. तिथे सैन्याचा भाग 'लष्करी ठाणे' झाला आणि नागरी वस्ती शेजारच्या ग्रामपंचायतींकडे देण्याचे ठरले. हाच नमुना आता इतरत्र वापरायचा आहे: कुंपणाच्या आत सैन्य आणि तिथे फक्त सैन्याचा कारभार, कुंपणाबाहेर गाव आणि तिथे राज्याच्या कायद्यातील ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महापालिका.

यासाठी आधी प्राथमिक अधिसूचना निघते, रहिवाशांचे आक्षेप मागवले जातात, राज्य सरकारशी विचारविनिमय होतो आणि मग अंतिम अधिसूचना येते. देवळालीपुढे तत्त्वतः तीन वाटा आहेत: नाशिक महापालिकेत जाणे, शेजारच्या भगूर नगरपरिषदेशी जोडले जाणे, किंवा स्वतःची नगरपरिषद होणे. दाट वस्तीने वेढलेल्या पुणे व खडकीला महापालिकेत जाण्याशिवाय फारसा पर्याय नाही. देवळालीला तो आहे, आणि माझे मत असे की इतक्या वस्तीच्या गावाने स्वतःच्या नगरपरिषदेचा विचार गंभीरपणे करावा, कारण आठ सदस्यांवरून महापालिकेतील एका-दोन प्रभागांवर येणे हे प्रतिनिधित्व वाढणे नव्हे.

'मग जमीन आमच्या नावावर होईल ना?'

नाही, आपोआप होणार नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात केंद्राने जी मार्गदर्शक तत्त्वे ठरवली, त्यांचा गाभा असा: पाणीपुरवठा, रस्ते, शाळा, दवाखाने अशा नागरी सोयींच्या मालमत्तेचे हक्क राज्याला किंवा स्थानिक संस्थेला विनामूल्य मिळतील, बोर्डाची देणीही त्यांच्याकडे जातील, आणि जिथे जमिनीची मालकी केंद्राची आहे तिथे ती केंद्राकडेच राहील.

शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे असे आहे. रस्त्याचा दिवा महापालिकेचा होईल, त्या दिव्याखालच्या ओल्ड ग्रँटच्या घराची जमीन भारत सरकारचीच राहील. म्हणजे बांधकामाची परवानगी नवी स्थानिक संस्था राज्याच्या नियमांनी देईल, पण अर्जासोबत मालकाची संमती जोडायची वेळ आली की रहिवाशाला पुन्हा संरक्षण खात्याच्या संपदा कार्यालयाकडे जावे लागू शकते. एका दारी होणारे काम दोन दारी जाण्याचा धोका आहे. अतिरिक्त चटई क्षेत्राची जाहिरात करणाऱ्या दलालांकडून व्यवहार करू पाहणाऱ्यांनी तर हे आधी लक्षात घ्यावे.

यावर उपाय नाही असे नाही. केंद्राला ओल्ड ग्रँटचे रूपांतर मालकी हक्कात करण्याचे धोरण ठरवता येईल, त्यासाठी रास्त रक्कम घेता येईल, छोट्या घरांना सवलत देता येईल. मात्र तो स्वतंत्र निर्णय आहे आणि तो स्वतंत्रपणेच मागावा लागेल. हस्तांतरणाच्या जल्लोषात ही मागणी मागे पडली, तर ती पुन्हा पुढे आणणे कठीण होईल, कारण तेव्हा बोर्डही नसेल आणि नवी महापालिका 'जमीन आमच्या अखत्यारीत नाही' असे म्हणू शकेल, आणि ते खरेही असेल.

'त्यापेक्षा कॅन्टोन्मेंटच बरे होते'

हा आक्षेप अनेक ज्येष्ठ रहिवासी मनापासून घेतात. झाडे राहिली, उंच इमारती झाल्या नाहीत, रस्ते स्वच्छ राहिले. हे सगळे खरे आहे. पण या व्यवस्थेचा पैसाच आटला आहे, हेही पाहायला हवे. राज्यघटनेच्या २८५ व्या अनुच्छेदानुसार केंद्राच्या मालमत्तेवर स्थानिक कर लागत नाही. छावणीतील सर्वांत मोठा जमीनदार केंद्र सरकारच आहे. त्याच्याकडून कराऐवजी सेवाशुल्क येते आणि ते अनेकदा थकते. महाराष्ट्रातील बोर्डांना जकातीचा मोठा आधार होता. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर महापालिकांना राज्याकडून भरपाई मिळाली, बोर्डांना मात्र तशी मिळाली नाही, कारण ती राज्याची अपत्येच नाहीत. पगार भागवून उरलेल्या पैशात जुन्या जलवाहिन्या बदलणे जमत नाही. जे बोर्ड बरे होते ते जकात असलेले बोर्ड होते.

कर वाढणार का, याचे प्रामाणिक उत्तर असे की हळूहळू वाढेल, आणि सोबत राज्याच्या योजना व अनुदानेही येतील. हिरवळ टिकवायची असेल तर ती विकास आराखड्यात आरक्षण म्हणून लिहून घ्यावी लागेल.

सैन्याच्या सुरक्षेचा प्रश्नही रास्त आहे, पण त्यासाठी बोर्ड लागत नाही. संरक्षण आस्थापनांभोवतीच्या बांधकामांवर बंधने घालणारा १९०३ चा कायदा छावणीबाहेरही लागू करता येतो. तोफखान्याच्या गोळीबार मैदानाभोवतीची गावे कधीच कॅन्टोन्मेंटमध्ये नव्हती, तरी मैदानाशेजारी राहण्याचे नियम ती पाळत आली आहेत.

नकाशा आल्यावर काय पाहायचे

अंतिम सीमा ठरेल तेव्हा ती सर्व्हे क्रमांकांत सांगितली जाईल. 'बाजार नागरी भागात येतो' एवढ्यावर विश्वास ठेवू नये. एकाच गल्लीतील चार घरे रेषेच्या एका बाजूला आणि पाचवे दुसऱ्या बाजूला, असे होऊ शकते, आणि जे घर लष्करी ठाण्याच्या आत राहील त्याला ना नवी नगरपरिषद मिळेल ना जुने बोर्ड. म्हणून प्रत्येक कुटुंबाने आपल्या घराचा जी.एल.आर. उतारा आताच काढून ठेवावा, त्यातला सर्व्हे क्रमांक नकाशाशी ताडून पाहावा, आणि वारसनोंद अडकली असेल तर बोर्डाचे कार्यालय चालू आहे तोवर तिचा अर्ज लेखी पोच घेऊन दाखल करावा. शाळा, दवाखाना, स्मशानभूमी, पाण्याच्या टाकीपर्यंतचा रस्ता ही ठिकाणे हस्तांतरणाच्या यादीत नावानिशी आहेत का, हे वस्तीने मिळून तपासावे. यादीत न आलेली जागा संरक्षण खात्याकडेच राहील, आणि तिथे जायचे तर पुढे दर वेळी फाटकावर परवानगी मागावी लागेल.